नळ, ताट आणि सावली: खान्देशाच्या आरोग्याचा पाया

पावसाळा तोंडावर आला की आरोग्य विभागाची एक सूचना गावोगाव फिरते: आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. घरातले माठ, टाक्या, ड्रम, कूलर रिकामे करा, आतून घासा, उन्हात वाळवा आणि मगच पुन्हा भरा. या सूचनेमागचं शास्त्र चोख आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास गटारात नाही, तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यातून उडता डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. सातव्या दिवशी पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीच्या कोरडी कित्येक महिने तग धरतात, म्हणून नुसतं ओतून भागत नाही, घासावंही लागतं.

आता ही सूचना धुळे शहरात लावून पाहावी. इथल्या अनेक वस्त्यांत वर्षानुवर्षं नळाला पाणी आलं ते आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. सातव्या दिवशी ड्रम पालथा करणारी गृहिणी आठव्या दिवशी घरच्यांना प्यायला काय देणार? ती ड्रम झाकून ठेवते, वरून फडकं बांधते आणि पाण्याची वाट पाहते. तिला डेंग्यूची माहिती नाही असं मुळीच नाही. डासाचं आयुष्यचक्र आणि महापालिकेचं पाण्याचं वेळापत्रक योगायोगानं एकाच लांबीचं आहे आणि त्या दोन्हींच्या मध्ये तिचं घर सापडलं आहे.

वैयक्तिक आरोग्य आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. एकात व्यायाम, आहार, झोप, निर्व्यसनीपणा. दुसऱ्यात लसीकरण, पाणीपुरवठा, सांडपाणी, दवाखाने. जळगाव-धुळ्यात थोडं फिरलं तरी ही विभागणी टिकत नाही. माणसाला सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चांगली सवय कुठल्या तरी सार्वजनिक सोयीवर उभी असते. ती सोय नसेल तर उपदेश करणाऱ्याचं समाधान होतं, ऐकणाऱ्याचं आरोग्य मात्र होतं तिथेच राहतं. राज्यघटनेच्या ४७व्या कलमानं पोषणाचा स्तर आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानलं आहे, ते याच समजुतीतून.

खान्देशात सगळ्याची सुरुवात पाण्यापासून होते. धुळे जिल्ह्यात पाऊस बेताचा, जळगावात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर. त्यात तापी, गिरणा, पांझरा, बोरी, बुराई, अनेर यांच्या खोऱ्यांत शतकानुशतकं शेती टिकली ती वाटपाच्या शिस्तीवर. पांझरेच्या काठची फड पद्धत हे तिचं सर्वांत देखणं उदाहरण. नदीवर लहान बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे चार भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुणाला कधी मिळेल ते पाटकरी ठरवणार, पिकाची राखण जागल्या करणार आणि दोघांचा मोबदला गावानं द्यायचा. १८८४मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच दाखल झालेले तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच भागात कामाला आले. साक्री तालुक्यातल्या दातर्ती गावाजवळ पांझरेच्या पात्राखालून पाइपाचा सायफन टाकून पाणी पलीकडे नेण्याचं काम त्यांनी केलं. पुढे कृष्णराजसागर धरण उभारणाऱ्या या माणसाच्या पहिल्या कामांपैकी हे एक. दीडशे वर्षांपूर्वीच्या खान्देशात पाण्याबाबत गावाची शिस्तही होती आणि अभियांत्रिकीही होती. दोन्ही एकत्र असली की व्यवस्था टिकते, हे पांझरेच्या काठानं फार आधी दाखवून दिलं होतं.

आजचं चित्र गुंतागुंतीचं आहे. जळगाव शहर वाघूर धरणावर अवलंबून; धुळ्याला तापी, नकाणे तलाव, डेडरगाव अशा तुकड्या-तुकड्यांतून पाणी जोडावं लागलं, त्यात अलीकडे अक्कलपाडा धरणाची भर पडली. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा लौकिक देशभर आहे. पण केळीची बाग वर्षाकाठी अठराशे मिलिमीटरच्या आसपास पाणी मागते, म्हणजे इथे पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून जास्त. ठिबकनं गरज बरीच खाली आली, तरी बाकीचं पाणी जमिनीतून उपसावं लागतं. विहिरींच्या जागी कूपनलिका आल्या आणि त्या शेकडो फूट खोल गेल्या. ज्या भूजलावर बागा उभ्या आहेत त्याच भूजलावर गावाची पिण्याच्या पाण्याची योजनाही उभी आहे, ही गोष्ट आरोग्याच्या चर्चेत क्वचित येते. ती यायला हवी.

उलट बाजूचं उदाहरणही याच पट्ट्यात आहे. शिरपूर तालुक्यात २००४च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळावर नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे साखळी बंधारे बांधायला सुरुवात केली. 'शिरपूर पॅटर्न' या नावानं ते काम राज्यभर गाजलं. नाल्यांच्या इतक्या खोलीकरणावर जलतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आणि प्रत्येक भूरचनेला ही पद्धत चालणार नाही हे खरंच आहे. तरी कोरड्या पडलेल्या विहिरींना पाणी आलेलं तिथल्या लोकांनी पाहिलं. ज्या गावची विहीर उन्हाळाभर पुरते तिथल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरतो, मुलीची शाळा बुडत नाही आणि हात धुवायला पाणी उरतं. या तिन्ही गोष्टी शेवटी आरोग्याच्याच वहीत जमा होतात.

पाणी येणं जितकं महत्त्वाचं तितकंच ते निर्धोक असणं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो; पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन पोहोचलं. दहा पैशांचं म्हणावं असं हे काम, पण ते एक आठवडा चुकलं तर जुलाबाची साथ येते. गेल्या काही वर्षांत खान्देशातही वीस लिटरच्या जारचा धंदा गल्लोगल्ली पोहोचला आहे. ज्यांना परवडतं ते जार घेतात. त्यांना दोष देता येत नाही, आपलं मूल आजारी पडू नये असं कुणाला वाटणार नाही? पण ज्यांच्या शब्दाला वजन आहे ती घरं नळाकडे पाहीनाशी झाली की नळासाठी भांडणारं कुणी उरत नाही. त्याची किंमत जार न परवडणारी वस्ती मोजते.

नारूचा इतिहास इथे आठवावा. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायातून नारूची अळी पाण्यात जायची आणि तेच पाणी पिऊन पुढचा माणूस रोगी व्हायचा. महाराष्ट्रातली कैक गावं या रोगानं पिचली होती. त्यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. घरोघरी पाणी दुहेरी फडक्यानं गाळायला शिकवलं गेलं आणि त्याच वेळी सरकारनं पायऱ्यांच्या विहिरी बुजवून हातपंप बसवले. १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. नुसत्या गाळण्यानं हे घडलं नसतं. नुसते हातपंप बसवूनही पुष्कळ वर्षं गेली असती.

साथींची आठवण खान्देशाच्या घराघरांत आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेनं आणि धान्याच्या पोत्यांतल्या उंदरांबरोबर आत सरकला, तो पुढची वीस-पंचवीस वर्षं परत-परत येत राहिला. उंदीर मरू लागले की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. असोद्याची लेक आणि जळगावच्या चौधरी वाड्याची सून बहिणाबाई यांच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. ज्या बाईच्या ओव्या महाराष्ट्र पाठ म्हणतो तिच्या संसारावरही या रोगानं असा घाव घातला होता. तो घाव तिच्या कुठल्या चुकीचा नव्हता.

डिसेंबर १९३६मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबू आणि स्थानिक साहित्य वापरून सजावट केली होती. अधिवेशन खेड्यात घ्यायचं हा आग्रह गांधीजींचा. हजारो माणसं खेड्यात उतरवायची म्हणजे पाणी, संडास आणि कचरा यांची सोय आधी करावी लागते, हे या आग्रहातच आलं. १९४१च्या रचनात्मक कार्यक्रमात गांधीजींनी ग्रामसफाई आणि आरोग्यशिक्षण यांना स्वतंत्र स्थान दिलं. महाराष्ट्रात २०००-०१पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं तीच चळवळ स्पर्धेच्या रूपानं गावांत नेली, पुढे २०१४पासून स्वच्छ भारत अभियान आलं. संडास बांधून झाले. ते वापरात राहतात की नाही, हे पुन्हा पाण्यावरच ठरतं: डोक्यावरून हंडा आणणाऱ्या घरात एका वेळच्या वापराला अर्धी बादली ओतायची की नाही, याचा हिशेब रोज होतो.

आता ताटाकडे. खान्देशी जेवण म्हटलं की बाहेरच्या माणसाला शेवभाजी आणि वांग्याचं भरीत आठवतं. घरातलं रोजचं अन्न मात्र कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेलं हे पीठ म्हणजे आहारशास्त्राचा एक उत्तम धडा आहे. ज्वारीच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण दहा ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकेच तंतू असतात, पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. उडदात लायसिन भरपूर. दोन्ही एकत्र आली की प्रथिनाची प्रत सुधारते. कुणा आहारतज्ज्ञानं सांगायच्या आधी इथल्या बायकांच्या जात्यानं हे जुळवून आणलं होतं. सोबत ठेचा, तेल, कांदा आणि हंगामातली भाजी.

हे ताट बदललं. कापूस आणि केळीनं ज्वारीची जागा घेतली, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला, ज्वारी खाणं गरिबीचं लक्षण ठरलं आणि चहा-बिस्किट, फरसाण, वडापाव सकाळच्या न्याहारीत आले. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा शहरांतल्या दुकानांत ज्वारीचं पीठ महागड्या पाकिटांत दिसू लागलं होतं. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज पुढे आला. ज्वारी खा, असं डॉक्टर आता आवर्जून सांगतात. रेशनच्या दुकानात ज्वारी नियमित मिळाली तर तो सल्ला गरिबाच्या घरातही पाळला जाईल.

तेलाची गोष्ट तर थेट अमळनेरची. डिसेंबर १९४५मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी या गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू केली. आज जग तिला विप्रो म्हणून ओळखतं. भोवताली भुईमुगाचा मुलूख, म्हणून तेल गाळायचं आणि त्याचं वनस्पती तूप करायचं. जोडीला कपडे धुण्याचा '७८७' साबण निघू लागला. एकाच कारखान्यातून आरोग्याच्या दोन परस्परविरुद्ध दिशा निघाल्या, असं आज मागे वळून म्हणता येतं. वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन मिसळतात आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतात. त्यांनी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं आणि हृदयविकाराचा धोका चढतो. १९४५मध्ये हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. साजूक तूप न परवडणाऱ्या कोट्यवधी घरांना वनस्पतीनं सणाचा लाडू दिला, हेही खरं. साबणाची बाजू मात्र निर्विवाद: साबणानं हात धुण्याची सवय लागली की जुलाबाचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशानं घटतं, असं अनेक देशांतल्या पाहण्या सांगतात.

ट्रान्स फॅटचा प्रश्न सुटला तो ग्राहकाच्या शहाणपणानं नाही. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणानं तेल आणि चरबीतली मर्यादा २०२१च्या जानेवारीत तीन टक्के आणि २०२२च्या जानेवारीत दोन टक्क्यांवर आणली. हॉटेलात शेवभाजी खाणाऱ्याला कढईतलं तेल तपासता येत नाही, ते सरकारनंच तपासायचं असतं. कायदा कागदावर आला आहे. मिठाईची दुकानं, फरसाणाच्या भट्ट्या आणि रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत तो नेणारे अन्ननिरीक्षक जिल्ह्याला किती आहेत, हा पुढचा आणि जास्त अवघड भाग.

एका बाजूला मधुमेह, तर दुसऱ्या बाजूला कुपोषण, असं हे दुहेरी ओझं आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आणि २५ टक्क्यांहून अधिक मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आढळली. १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होतं. राज्याच्या श्रीमंतीकडे पाहता हे आकडे लाजिरवाणे आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात, साक्री-शिरपूरच्या पाड्यांवर या आकड्यांना चेहरे मिळतात. शेवटी जेवणारी बाई, उरलेली भाकरी आणि जेवणासोबतच घेतलेला चहा, ज्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी आशाताई घरपोच देतात. तिच्यासोबत लिंबू पिळलेलं वरण आणि आधी जेवण्याचा अधिकार मिळाला तर गोळी कामाला येते.

शाळेतलं ताटही या हिशेबात मोजावं. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारनं मध्यान्ह भोजनात आठवड्यातून एकदा अंडं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा दुसरं फळ देण्याचा निर्णय घेतला. केळीच्या जिल्ह्यात तो निर्णय दुहेरी आनंदाचा ठरायला हवा होता: मुलांच्या पोटात फळ आणि शेतकऱ्याच्या मालाला दारातली बाजारपेठ. जानेवारी २०२५मध्ये अंड्यांसाठीचा वेगळा निधी थांबला आणि लोकसहभागातून सोय करा, असं शाळांना सांगितलं गेलं. ज्या वस्तीतल्या मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथला लोकसहभाग सर्वांत तोकडा असतो. हा निर्णय चुकीचा होता.

आणि तरीही आशा बाळगावी असं एक गाव याच भागात आहे: साक्री तालुक्यातलं बारीपाडा. नव्वदच्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन उजाड झालेलं चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखायला सुरुवात केली. कुऱ्हाडबंदी, दंडाचे नियम, गावाची स्वतःची राखण. जंगल परतलं, त्यासोबत झरे परतले आणि उन्हाळ्यात पाणी टिकू लागलं. दर पावसाळ्यात तिथे वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. करटुली, टाकळा, कुर्डू, बांबूचे कोंब अशा कितीतरी रानभाज्या शिजवून बायका मांडतात आणि दूरदूरची माणसं त्या चाखायला जातात. लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांनी भरलेल्या या भाज्या विकत घ्याव्या लागत नाहीत, जंगल असावं लागतं इतकंच. २०२५मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली ती वनसंवर्धनासाठी. सार्वजनिक आरोग्याच्या कामाबद्दल मिळाली असती तरी योग्यच झालं असतं.

तिसरा पाया सावलीचा. मे महिन्यात जळगाव आणि भुसावळ ४५ अंशांच्या पुढे जातात आणि देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत त्यांचं नाव येतं. शरीर स्वतःला थंड करतं ते घामावाटे. पाणी आणि मीठ संपलं की घाम थांबतो, तापमान चढतं आणि माणूस बरळू लागतो. तो उष्माघात, तिथून पुढे मिनिटं मोजावी लागतात. खिशात कांदा ठेवल्यानं काही होत नाही. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ यानं मात्र पुष्कळ होतं. १९७१मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत कॉलरानं हाहाकार माजवला असताना डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं हजारो जीव वाचवले होते.

पण उन्हात जाऊ नका हा सल्ला केळी कापणाऱ्या मजुराला कसा द्यायचा? वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन तो बागेतून ट्रकपर्यंत चालतो, कपडे चिकानं काळे पडलेले असतात आणि कापणीचा जोर नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याची मजुरी दिवसावर किंवा मालावर. अहमदाबादनं २०१०च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला: इशारे, पाणपोया, दवाखान्यात राखीव खाटा, कामाच्या वेळांत बदल. तो देशाला नमुना ठरला. खान्देशात पहाटे पाचला काम सुरू करून अकराला थांबवण्याची पद्धत पुष्कळ शेतांत आहेच. रोजगार हमीच्या कामांवर, बांधकामांवर, औद्योगिक वसाहतीत ती सक्तीची व्हायला हवी. घरांचाही विचार करावा. जुनी धाब्याची घरं मातीच्या जाड छपरामुळे दुपारी गार राहत. त्यांच्या जागी आलेले पत्रे रात्रीपर्यंत आग ओकतात. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात दिला तरी आतलं तापमान काही अंशांनी उतरतं आणि ते काम ग्रामपंचायत एका उन्हाळ्यात करू शकते.

उन्हाचा आणखी एक धागा सातपुड्यात जातो. भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. शरीरातलं पाणी कमी झालं की कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशी अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. जुलै २०२३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं २०४७पर्यंत आजार संपवण्याचं ध्येय ठेवलं आहे. तपासणीचं कार्ड हातात पडलं म्हणजे काम संपलं, असं होता कामा नये. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या पाड्याजवळच्या उपकेंद्रात सलग मिळणं, हा त्या रुग्णासाठी मोहिमेचा खरा अर्थ आहे.

एक आकडा इथे टाळता येत नाही. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८मध्ये याच राज्यानं केला होता. सोनोग्राफी यंत्र, त्यामागचा डॉक्टर, हुंडा आणि मुलग्याचा हव्यास, यांपैकी काहीच आदिवासी पाड्यांवरच्या गरिबीतून आलेलं नाही. ज्या जिल्ह्यात मुलीला जन्मच नाकारला जातो तिथे स्त्रियांच्या आरोग्याच्या बाकी योजना अर्ध्या रस्त्यावरून सुरू होतात.

दवाखान्यांची उतरंड १९४६च्या भोर समितीनं आखली, तिचा सांगाडा आजही तोच आहे. सध्याचा निकष असा: सपाट भागात पाच हजार लोकांमागे उपकेंद्र आणि तीस हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार आणि वीस हजार. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय कित्येक वर्षांपासून आहे, जळगावचं २०१८मध्ये सुरू झालं. कोरोनानं या सांगाड्याची परीक्षा घेतली. २०२०च्या मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कित्येक पट झाला होता. त्या जूनमध्ये शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या एका वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला आणि अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. निलंबनानं जबाबदारी ठरली. वॉर्डात फिरणारे हात मात्र त्यानं वाढत नाहीत, ते भरतीनं वाढतात.

शेजारच्या नंदुरबारनं, जो १९९८पर्यंत धुळ्याचाच भाग होता, वेगळं काही करून दाखवलं. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड मूळचे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल समाजातले, स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२०मध्येच, त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प बसवला आणि पुढच्या महिन्यांत त्यात भर घातली. २०२१च्या एप्रिलमध्ये मोठमोठी शहरं ऑक्सिजनसाठी तडफडत होती तेव्हा राज्यातला हा अतिमागास जिल्हा स्वतःच्या पायावर उभा होता. आरोग्याचा पाया संकटाच्या आधी, शांत महिन्यांत घालायचा असतो, याचा यापेक्षा ठळक पुरावा खान्देशाला दुसरीकडे शोधावा लागणार नाही.

अशी आधीची तयारी दरवर्षी लागते ती स्थलांतरितांसाठी. दिवाळीच्या आसपास साक्री, शिरपूर, चाळीसगाव भागातल्या ऊसतोड टोळ्या गुजरात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. गोवर-रुबेलाची पहिली लस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायची असते. पाच-सहा महिने उसाच्या फडात काढणाऱ्या मुलाचा यातला एखादा डोस हमखास हुकतो, अंगणवाडीचा आहार थांबतो आणि गरोदर बाईची तपासणी अर्धवट राहते. यावरचा उपाय महाग नाही. टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरातच आशाताईंनी त्या घरांची यादी करायची, ज्या डोसांची वेळ भरली आहे ते निघण्यापूर्वी द्यायचे, माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या पिशवीत आहे याची खात्री करायची आणि ज्या कारखान्याकडे टोळी चालली आहे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला नावं कळवायची. मोबदल्यासाठी या आशाताईंना २०२३ आणि २०२४मध्ये संपावर जावं लागलं होतं. यादी त्यांनीच करायची असेल, तर त्या कामाचे पैसेही टोळ्या निघण्याआधीच त्यांच्या खात्यात पडायला हवेत.